ललिता आडेनं वकील निवडला

लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या माणसाला मी वकील आहे असं कळलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. खुनाच्या केसेस घेता का? नाही म्हटलं की त्याचा रस निम्मा होतो. घटस्फोट? तेही नाही. मी मोटार अपघाताचे दावे चालवते असं सांगेपर्यंत तो जिलेबी कुठपर्यंत आली ते पाहू लागलेला असतो.

त्याला काय माहीत तो काय ऐकायचं सोडतोय.

यवतमाळच्या कोर्टात मला पंचवीसेक वर्षं झाली. बाबा कलेक्टर कचेरीत होते, आजोबा शाळाखात्यात. घरातले सगळे खालच्या आवाजात बोलणारे. मुलगी काळा कोट घालून भर कोर्टात मोठ्यानं बोलते हे बाबांना शेवटपर्यंत थोडं अवघडच वाटलं. आमचं काम सांगायला सोपं आहे. गाडीच्या धडकेत कुणी मेलं किंवा जायबंदी झालं तर ज्याच्या चुकीनं झालं त्याच्याकडून, म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या विमा कंपनीकडून, भरपाई मागता येते. त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण असतं आणि जिल्हा न्यायालयातलेच न्यायाधीश तिथं बसतात. चूक कुणाची हे आधी ठरतं, भरपाई मग. पहिल्या पायरीवर घसरलं की पुढं जायला जागाच नाही.

लोकही एकेक येतात. एक गृहस्थ जीपचा बंपर पोत्यात घालून एसटीनं घेऊन आले होते. पुरावा आहे म्हणाले. भांडणात तो त्यांनी स्वतःच उपटला होता, आणि तो जीपवाल्याला परत करताना त्यांची बाजू सांभाळायला मलाच जावं लागलं. पण मला सांगायचंय ते ललिता आडेबद्दल. तिच्या दाव्यातली एक दुपार आठवली की आजही मला खुर्चीत नीट बसवत नाही.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी कोर्टात निघायच्या गडबडीत फोन आला.

"मॅडम, मी ललिता आडे बोलून राह्यली. सरकारी दवाखान्यातून. माह्या ऑटोले कारनं उडवलं. इथं दोन माणसं कागद घेऊन बसले हायेत, सही कर म्हणतात. तुमचा नंबर सिस्टरबाईनं देल्ला. येता का?"

अपघातवाल्यांच्या खाटांभोवती फिरून गिऱ्हाईक गोळा करणं आम्हा वकिलांना मना आहे. पण बोलावलं तर जाता येतं. मी कोट पिशवीत कोंबला आणि आधी दवाखाना गाठला.

तिशीच्या आतबाहेरची बाई. उजवा पाय वर टांगलेला, कपाळाला टाके, पण डोळे टक्क उघडे. पायथ्याशी पांढरं पागोटं बांधलेले म्हातारे बसले होते. ते तिचे सासरे, राळेगाव तालुक्यातल्या त्यांच्या बंजारा तांड्याचे नायक. ललिता त्यांना बापू म्हणायची, तांडा नायकबापू म्हणायचा. स्टुलांवर दोन इस्त्रीचे शर्ट बसलेले. हे वकील नव्हते, नागपूरच्या कुठल्याशा वकिलाचे दलाल होते. कुठं अपघात झाला याचा वास त्यांना कसा लागतो हे मला आजवर कळलेलं नाही.

"नागपूरचे मोठे वकील हायेत म्हणतात," नायकबापू मला म्हणाले. "तारखेले यायचीबी गरज नाही म्हणतात. सारं तेच पाह्यतात. निम्मा हिस्सा त्यायचा, निम्मा आपला."

"बापू, मले तारखेले यायचंच हाये," ललिता म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "मॅडम, तुम्ही कोर्टात सोता उभ्या राह्यता का दुसऱ्याले धाडता?"

"स्वतः उभी राहते."

"माहं जिथं झालं ते वळण पाह्यलं काय तुम्ही?"

"आज कसं पाहीन? उद्या जाऊन येते."

"आन मी हारली त?"

आजवर शेकडो लोकांनी मला वकील म्हणून घेतलं. पण माझी अशी तपासणी कुणी केली नव्हती. बरं वाटावं म्हणून काहीबाही बोलणं मला जमलं नसतं.

"हरू शकतेस," मी म्हटलं. "मी येताना फोन करून चौकशी केली. पोलिसांनी गुन्हा तुझ्यावरच नोंदवलाय. हयगयीनं ऑटो चालवला म्हणून."

तिनं टांगलेल्या पायासकट उठायचा प्रयत्न केला. "माह्यावर? काहून?"

इस्त्रीचे शर्ट एकमेकांकडं पाहू लागले. त्यांना हे माहीत असणार. तिला सांगितलं मात्र नव्हतं. ललितानं हातातला पेन त्यांच्या कागदावर ठेवला आणि कागद परत सरकवला. "तुम्ही जा भाऊ," एवढंच म्हणाली.

ते गेल्यावर नायकबापू भिंतीकडं पाहत म्हणाले, "मी आधीच सांगतलं होतं. बाईनं ऑटो चालवायले नाही पाह्यजे. तांड्यातबी सारे तेच बोलून राह्यले." ललितानं मान फिरवली. मला वाटतं पायापेक्षा तिला ते जास्त लागलं होतं.

तिची हकीकत अशी. तांड्यावरच्या बायका आणि शाळेतल्या पोरी राळेगावला नेण्या-आणण्यासाठी तिनं ऑटो घेतला होता. परवाना होता, बिल्ला होता, सगळं रीतसर. त्या दिवशी सवाऱ्या सोडून ती रिकामी परत येत होती. वळणावर समोरून पांढरी कार आली, वळण कापून, थेट तिच्या अंगावर.

"चालवणारा कॉलेजातला पोरगा होता, मॅडम. एक हात कानाले, फोनवर. त्यानं मले पाह्यलं तवा लय उशीर झालता. मंग मले काहीच याद नाही."

पोलिसांपुढं मात्र चालक म्हणून उभा राहिला तो सुधाकर नावाचा चाळिशीचा नोकर. कारमालक कापसाच्या जिनिंगचे मोठे व्यापारी, त्यांच्याकडं बरीच वर्षं कामाला असलेला. ऑटोवाली बेफाम आली, मी गाडी वाचवायचा प्रयत्न केला, असा जबाब त्यानं दिला. ललिता तेव्हा बेशुद्ध होती. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिनं त्या पोराचं सांगितलं, तर डोक्याला मार लागलाय, होतं असं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी राळेगावच्या एसटीत बसले. पुढं एक ऑटोवाला वळणापर्यंत घेऊन गेला. बाजूच्या शेतातली तूर माझ्या डोक्याहून उंच, पिवळ्या फुलांनी भरलेली. वळणाच्या टोकाला एक पळस, पानं धुळीनं माखलेली. काचांचा चुरा अजून पडलेला होता, आणि तो ललिताच्या बाजूला होता, म्हणजे कारच तिकडं आली होती. पोलिसांच्या पंचनाम्यातही तसंच लिहिलेलं निघालं. तेवढं माझ्या हाताशी आलं. पण काचा उडतात, घरंगळतात, असं समोरचा वकील म्हणणार हे मला तिथंच ऐकू येऊ लागलं. चालवणारा दुसराच होता हे तर काचा सांगू शकत नव्हत्या.

दावा दाखल झाला. मग तारखा. त्यांचं वर्णन मी करत नाही. ज्यांना कोर्ट माहीत आहे त्यांना कंटाळा येईल आणि ज्यांना माहीत नाही त्यांना खरं वाटणार नाही. ललिता प्रत्येक तारखेला आली. आधी कुबड्यांवर, नंतर काठीवर, पायात सळई घेऊन. तिची साक्ष झाली तेव्हा समोरच्या वकिलांनी तिला फोनवाल्या पोराबद्दल खूप छेडलं. ती एका शब्दानं हलली नाही. पण एकटीचा शब्द, आणि तोही जिच्यावर गुन्हा दाखल आहे तिचा. जेवणाच्या सुटीत मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

मग ती दुपार आली. कारमालकातर्फे सुधाकरची साक्ष. मालक स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले होते. त्यांचे वकील नागपूरचे, हुशार माणूस, आवाज गोड. विमा कंपनीचे वकील आपल्या यवतमाळचेच, ते खिडकीजवळ डुलक्या घेत होते. गाडी मालकाची, चालक परवानाधारक, चूक ऑटोवालीची. त्यांच्या कंपनीला याहून चांगलं काय हवं?

साक्षीदार आपलं म्हणणं आधी शपथपत्रावर देतो. मग समोरच्या वकिलानं त्याला प्रश्न विचारायचे, तो उलटतपास. सिनेमात दाखवतात तसं त्यात ओरडायचं नसतं. साक्षीदाराला जितकं निवांत वाटेल तितकं बरं. मी सुधाकरला निवांत करायचं ठरवलं होतं. डोक्यात बेत असा की काचांपर्यंत त्याला हळूहळू न्यायचं. त्यापलीकडं माझ्याकडं काही नव्हतं हे कबूल करते.

"सुधाकरभाऊ, गाडी किती वर्षं चालवता?"

"लय वर्षं झाले जी."

"म्हणजे रस्ते पाठ असतील. ऑटो तुम्हाला पहिल्यांदा कुठं दिसला?"

"लांबूनच दिसला. वळणाच्या पल्याड होता तवाच."

माझ्या हातातला कागद जिथं होता तिथंच थांबला. वळणाच्या पलीकडचं कसं दिसेल? मी तिथं टाचा उंचावून पाहिलं होतं.

"मध्ये काही आड येत नव्हतं?"

"नाही जी. मोकळं वावर हाये. इकडून तिकडं सारा रस्ता दिसते."

पंचनाम्यात उभ्या तुरीची नोंद होती. मी ती काढली नाही. आवाजही बदलला नाही. कानांच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

"जागा नीट आठवते म्हणता. एखादी खूण सांगा ना साहेबांना."

खूण विचारल्यावर तो खुलला. आपलं खरं वाटावं म्हणून माणूस जास्तीचं सांगतो, तसं त्यानं सांगितलं. "वळणावर पळस हाये ना. पान नाही एक, नुसता लाल भडक फुललेला. त्याच्याच खालून ऑटो निंगाला."

न्यायाधीश साहेब साक्ष तोंडानं सांगून टाइप करून घेत होते. ते सांगता सांगता थांबले. टाइप करणाऱ्या बाईंची बोटंही थांबली. साहेब विदर्भातलेच. नागपूरच्या वकिलांनाही पळस कुणी शिकवायला नको होता. ते ताडकन उठले.

"साक्षीदार ठिकाणाचं सर्वसाधारण वर्णन करतोय, साहेब."

"साहेब," मी म्हटलं, "जे शब्द आले तेच लिहून घ्यावेत, एवढीच विनंती."

ते लिहून झालं. टाइपचा तो टकटकाट मी आजवर इतक्या गोडीनं ऐकला नव्हता.

"अपघात झाला तेव्हा दिवाळी झाली होती का, सुधाकरभाऊ?"

"हो. भाऊबीज होऊन गेलती."

"आणि पळस फुललेला होता."

आमच्याकडं पळस फुलतो तो होळीच्या आगेमागे, पानं गळून गेल्यावर. रंगासाठी फुलं गोळा करत फिरलेला कुणीही हे विसरत नाही. भाऊबिजेला त्यावर फूल शोधून सापडणार नाही. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं, साहेबांनी वर पाहिलं.

इथं थांबावं असं कुणीही शहाणा वकील सांगेल. साक्षीदार खोटा ठरला, खाली बसावं. पुढचा प्रश्न विचारला आणि त्यानं चलाखीनं सावरून घेतलं तर हातातलं जाणार. ललिता काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडं पाहत होती. मी बसले नाही.

"तुम्ही ते वळण पहिल्यांदा कधी पाहिलं?"

सुधाकरनं मागच्या बाकाकडं पाहिलं.

"तिकडं नाही, इकडं पाहा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "शपथेवर खोटं बोललं तर काय होतं ते माहीत आहे ना? पाणी घ्या. मग सांगा."

त्यानं पाणी घेतलं. ग्लास ठेवायला त्याला जागा सापडेना, तो शिपायानं घेतला.

"शिमग्याच्या आधी पाह्यलं," तो म्हणाला. "मालकासंगं. साक्ष द्यायची हाये त जागा पाहून ठेव म्हणले, म्हणून नेलतं."

"आणि अपघाताच्या दिवशी?"

"मी नव्हतो जी गाडीत. घरी होतो. माह्या पोरीले ताप होता."

"मग गाडी कोण चालवत होतं?"

"मालकाचा पोरगा."

मालक उठून उभे राहिले होते, त्यांना खाली बसायला सांगण्यात आलं. मला, खरं सांगते, गाणं म्हणावंसं वाटत होतं. त्यात एक गंमत घडली. खिडकीजवळचे विमा कंपनीचे वकील खडबडून जागे झाले, कोट सारखा करत पुढं आले आणि म्हणाले, "साहेब, कंपनीलाही एक प्रश्न विचारायची परवानगी असावी. त्या मुलाकडं लायसन होतं का?"

"निंगालं नव्हतं जी," सुधाकर म्हणाला. "म्हणून त मले उभं केलं."

चालकाकडं लायसन नसेल तर पैसे शेवटी मालकाच्या खिशातून जातात. त्या एका उत्तरानं सकाळपासून मालकाच्या बाजूचे असलेले ते वकील त्यांच्या विरुद्ध जाऊन बसले. आमच्या कोर्टात बाजू इतक्या झटकन बदललेली मी तरी पाहिली नाही.

बाहेर आल्यावर ललिता व्हरांड्यातल्या बाकावर बसली. हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. "मॅडम, तुम्हाले माहीत होतं काय तो पळसाचं बोलल म्हणून?"

"मुळीच नाही," मी म्हटलं.

"मंग?"

"मग काय. ऐकत होते."

सुधाकर आमच्यासमोरूनच एकटा जिना उतरून गेला. मालकाची गाडी त्याला न घेता निघून गेली होती. ललितानं त्याला हाक मारली, "दादा, पोरगी बरी हाये ना आता?" तो थांबला. "बरी हाये बाई," म्हणाला आणि फाटकाकडं चालू लागला.

त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. साहेबांनी त्याला कडक समज दिली, पुढं कारवाई केली नाही. खरं बोलला याची त्यांनी निकालात नोंद घेतली. पुढं एकदा वणीकडं एका दाव्याची जागा पाहायला गेले होते, तेव्हा राजूरजवळच्या चहाच्या टपरीवर तो दिसला. कोळशाच्या ट्रकवर होता. हातापायांना काळं लागलेलं. त्यानं मला ओळखलं, नमस्कार केला, चहाही सांगितला. मी प्यायले. जिंकलेल्या दाव्यांची यादी मनात काढते तेव्हा तो चहा मध्येच येतो. त्याला कोंडीत पकडताना मला जी मजा आली ती खरी होती, आणि तो दुसऱ्याच्या मुलाचं पाप वाहायला उभा केलेला पगारी माणूस होता हेही खरं.

निकाल ललिताच्या बाजूनं लागला. भरपाई कंपनीनं आधी द्यायची आणि मग ती मालकाकडून वसूल करायची, असा हुकूम झाला. बिनपरवान्याच्या माणसाच्या हाती गाडी दिली की बऱ्याचदा असं होतं. जखमी माणसाला थांबावं लागू नये म्हणून. मी रक्कम सांगू लागले तर ललितानं हात वर केला.

"ते मंग सांगा. माह्या चुकीबद्दल काय लिव्हलं ते वाचा."

मी वाचलं. अपघातात ऑटोचालकाची कोणतीही चूक नव्हती, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मॅडम, हे तांड्यावर येऊन वाचता का? मी सांगतलं त कोण ऐकते?"

वकिलानं निकाल घेऊन गावोगाव फिरायचं नसतं. मी रविवारी गेले.

देवळापुढच्या ओट्यावर नायकबापू बसले होते. पुरुष समोर, बायका एका बाजूला, पोरं कुठंही. ललितानं मला खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली. निकाल इंग्रजीत होता. मी तो मराठीत सांगत गेले आणि ललिताची नणंद माझ्यामागून गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, म्हाताऱ्यांना सांगत गेली. वळण, तूर, काचा. पळसाचा भाग आला तेव्हा बायकांमध्ये हशा पिकला, एक आजीबाई तर शेजारणीच्या पाठीत चापट मारून हसल्या. मग मी ते शेवटचं वाक्य वाचलं. नणंदेनं ते गोरबोलीत सांगितलं.

सगळे नायकबापूंकडं पाहू लागले.

त्यांनी पागोटं सारखं केलं. "म्हणजे कोर्टानं सोडलं तिले," ते मला म्हणाले.

"सोडलं नाही, बापू," ललिता म्हणाली. "सोडतात त्याले, ज्याचं काही असते. कोर्टानं काय म्हणलं ते मॅडमनं वाचलं. आता तुमी बोला. माही चूक हाये असं तांड्यात पह्यले तुमीच बोलले होते."

मला वाटलं आता म्हातारा चिडणार. सुनेनं भर तांड्यात असं विचारणं सोपं नव्हतं. नायकबापूंनी तिच्या पायाकडं पाहिलं, जिथं सळई होती तिकडं. मग ते ओट्यावरून उतरले, जमलेल्या लोकांकडं तोंड केलं आणि आधी गोरबोलीत, नंतर माझ्यासाठी मराठीत, चढ्या आवाजात म्हणाले,

"चूक पोरीची नव्हती. मी बोललो ते चुकलं."

ललिता तेव्हा कुठं खाली बसली.